जुन्या अंकांचा लिलाव आणि एका वाचकाचं तिकीट

मंडळी, आज जरा लांबची गोष्ट. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. विषय वर्गणीचा आहे आणि रद्दीचाही, म्हणजे आपल्या गावाला दोन्ही चांगले ठाऊक.

युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यात विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा एक निधी आहे. ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड, लाडाने 'टॅफ'. १९५३ साली सुरू झाला, आजही चालू आहे. काम एकच. एका साध्या वाचकाला समुद्रापलीकडच्या विज्ञानकथा संमेलनाला पाठवायचं, पुढच्या खेपेला पलीकडच्याला अलीकडे आणायचं. लेखक नाही, संपादक नाही, आमदाराचा भाचा नाही. वाचक. पैसा उभा राहतो लोकांच्या देणग्यांतून आणि लिलावातून. लिलाव कशाचा? पुस्तकं, चित्रं असतात. पण खरी मजा असते जुन्या फॅनझिनच्या लिलावात.

फॅनझिन म्हणजे वाचकांनी वाचकांसाठी घरी काढलेलं नियतकालिक. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना सायक्लोस्टाइल आठवत असेल. मेणाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचं, चूक झाली तर लाल पातळ द्रव लावून अक्षर बुजवायचं, मग रोलर फिरवून एकेक पान काढायचं. शाळेच्या चाचणीचे पेपर असेच निघायचे, युनियनची पत्रकंही. त्याच यंत्रावर ही मंडळी पन्नास, शंभर, फार तर दोन-तीनशे प्रती काढत आणि पोस्टाने पाठवत.

सुरुवात कशी झाली तेही बघण्यासारखं. ह्युगो गर्न्सबॅक या संपादकाने एप्रिल १९२६ मध्ये अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे विज्ञानकथांचं मासिक काढलं. त्यात वाचकांची पत्रं छापताना तो पत्रलेखकाचा पूर्ण पत्ता छापायचा. एवढीच गोष्ट. पण त्या पत्त्यांवरून पोरं एकमेकांना थेट लिहू लागली, मंडळं निघाली आणि मे १९३० मध्ये 'द कॉमेट' नावाचा अंक निघाला, जो पहिला फॅनझिन मानतात. 'फॅनझिन' हा शब्द मात्र त्यानंतर दहा वर्षांनी, १९४० साली, लुई रसेल शोव्हने या वाचकाने रूढ केला. जेरी सीगल आणि जो शुस्टर ही दोन पोरं १९३३ मध्ये असाच अंक काढत होती. त्यात त्यांनी 'सुपरमॅन' नावाच्या एका खलनायकाची गोष्ट छापली. पुढे त्याच नावाचा नायक त्यांनी उभा केला, तो सगळ्या जगाला माहीत आहे. त्या अंकाची प्रत आज बाजारात आली तर हजारो डॉलर मोजावे लागतात.

रे ब्रॅडबरीही यातलाच. लॉस एंजेलिसमध्ये रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारा पोरगा, 'फ्युचुरिया फँटासिया' नावाचा अंक काढायचा. चार अंक निघाले. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं तेव्हा जायला पैसे नव्हते. फॉरेस्ट अकरमन या दुसऱ्या वाचकाने उसने दिले, मग गडी बसने अख्खी अमेरिका ओलांडून गेला. (पेपर विकणाऱ्याबद्दल मला अंमळ जास्त आपुलकी आहे, समजून घ्या.)

आता मुद्द्यावर येतो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटन कंगाल झालं होतं. डॉलरची टंचाई, परदेशी जाताना खिशात किती पैसे न्यायचे यावर सरकारी बंधन. अमेरिकन मासिकं रीतसर येतच नव्हती. आपल्याकडे सत्तरच्या दशकात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्यांच्या गोष्टी आपण ऐकल्या आहेत, तसाच प्रकार. मग तिथले वाचक अमेरिकेतल्या वाचकांशी अदलाबदल करत; तुम्ही मासिकं पाठवा, आम्ही इथली पुस्तकं पाठवतो. पैसा समुद्र ओलांडू शकत नव्हता, कागद ओलांडत होता.

याच अकरमनने पुढाकार घेऊन 'बिग पाँड फंड' उभा केला. मोठं तळं, म्हणजे अटलांटिक महासागर! त्यातून 'न्यू वर्ल्ड्स'चा ब्रिटिश संपादक टेड कार्नेल १९४९ साली सिनसिनाटीच्या संमेलनाला पोचला. पण तो संपादक होता, नाव असलेला माणूस. खरी गंमत त्याच्या पुढची.

बेलफास्टमध्ये वॉल्ट विलिस नावाचा सरकारी नोकर होता. दिवसा कचेरी, रात्री घरी छापखाना. 'स्लँट' हा त्याचा अंक सायक्लोस्टाइलही नव्हता. शिशाचे खिळे एकेक जुळवून हातयंत्रावर छापलेला. चित्रांसाठी लिनोलियम कोरायचा जेम्स व्हाइट, हा कपड्यांच्या दुकानात कामाला. मदतीला बॉब शॉ. व्हाइट आणि शॉ दोघे पुढे नावाजलेले लेखक झाले. आमच्या धंद्यात मी येईपर्यंत खिळे जुळवणारे जवळजवळ संपले होते. पण ज्यांनी ते काम केलं त्यांच्या बोटांकडे पाहिलंय. एक पान जुळवायला किती वेळ लागतो हे त्यांना विचारा. विलिस हे नोकरी सांभाळून, एका पैशाच्या फायद्याशिवाय करत होता.

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सवाना गावात ली हॉफमन 'क्वांड्री' नावाचा अंक काढायची. काढायची म्हणतोय, कारण ली मुलगी आहे हे बहुतेकांना १९५१ च्या न्यू ऑर्लिन्स संमेलनात ती समोर उभी राहिली तेव्हा कळलं. तोवर सगळे तिला पुरुष समजून पत्रं लिहीत होते! तिच्या अंकात विलिसचं सदर असायचं. ते वाचून अमेरिकन वाचक त्या बेलफास्टच्या माणसाच्या प्रेमात पडले, आणि शेल्बी विक या फ्लोरिडातल्या वाचकाने ठरवलं की याला इकडे आणायचाच. घोषणाही यमकात केली, 'वॉ विथ द क्रू इन फिफ्टी-टू'. वॉ म्हणजे विलिसच्या नावाची आद्याक्षरं. चिल्लर-चिल्लर करून पैसे जमले. १९५२ साली विलिस बोटीने न्यूयॉर्कला उतरला, शिकागोच्या संमेलनाला गेला, पुढे बसने देश पालथा घातला. परत आल्यावर त्याने प्रवासवर्णन लिहिलं, 'द हार्प स्टेटसाइड'.

एका माणसासाठी हे जमलं तर कायमचं का नको, या विचारातून पुढच्याच वर्षी टॅफ उभा राहिला. पहिल्या निवडणुकीत निवडून आलेल्या व्हिन्स क्लार्कला १९५४ मध्ये जाणं जमलं नाही. १९५५ मध्ये केन बुल्मर क्लीव्हलँडला गेला आणि गाडी रुळावर आली.

हो, निवडणूक. ही भाग माझ्या आवडीचा, कारण वीस वर्षं मी गावातल्या निवडणुकाच लिहितोय. उमेदवाराला आपल्या बाजूचे तीन आणि समुद्रापलीकडचे दोन सूचक लागतात. निवडून आल्यास प्रवास करीनच असं वचन द्यावं लागतं. मत द्यायचं तर थोडी का होईना देणगी द्यायची. म्हणजे मतदार पैसे घेत नाही, देतो! पसंतीक्रमाने मतदान. नुसतं आपल्या गावाच्या जोरावर निवडून येता येऊ नये म्हणून समुद्राच्या दोन्ही बाजूंना किमान ठरावीक टक्के पहिल्या पसंतीची मतं मिळावीच लागतात. आणि मतपत्रिकेवर 'यंदा कोणीच नको, पैसे शिल्लक ठेवा' असाही पर्याय असतो. आपल्याकडे 'नोटा' २०१३ मध्ये आला.

जिंकणाऱ्याच्या गळ्यात हारासोबत कामही पडतं. परत आल्यावर तो आपल्या बाजूचा कारभारी होतो. पुढच्याच्या प्रवासासाठी पैसे जमवायचे, हिशेब ठेवायचा, निवडणूक घ्यायची, प्रवासवर्णन लिहायचं आणि ते विकून आलेले पैसे निधीत टाकायचे. प्रवासवर्णनाच्या बाबतीत मात्र माणसं माणसांसारखीच. अनेकांनी लिहिलंच नाही, काहींनी वर्षानुवर्षं लावली. भांडणंही झाली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात तर अटलांटिकच्या दोन्ही काठांवर तोंडं फिरली. नुसता संमेलनांना येणारा, फॅनझिनमध्ये न लिहिणारा माणूस या प्रवासाला पात्र की नाही, यावर. निधी तरीही टिकला.

आता लिलाव. फॅनझिनची मूळ किंमत बहुधा पैशात नसायचीच. अंकावर लिहिलेलं असे 'द युजवल', म्हणजे 'नेहमीचंच'. ते काय? तर अंकावर पत्र लिहा, किंवा लेख-चित्र पाठवा, किंवा तुमचा अंक बदल्यात पाठवा, तुम्हाला प्रत येईल. पैसे देणारा गिऱ्हाईक हा त्यातल्या त्यात खालच्या पायरीवरचा. असा हा बिनपैशाचा माल. वीस-तीस वर्षांनी तो दुर्मीळ होतो आणि हातोड्याखाली येतो. कुणी घर बदलतं, कुणी म्हातारं होतं, कुणी जातं, खोकी निघतात. दुहेरी प्रती निधीला मिळतात. कारभारी त्या पेटीत भरून संमेलनात नेतो आणि बोली लागते. पिवळा पडलेला जाड कागद, गंजलेल्या पिना, मागच्या पानावर पोस्टाचा शिक्का आणि ज्याला तो अंक गेला त्याचं नाव. हा पत्तासुद्धा बोली वाढवतो, कारण तो माणूस खोलीतल्या निम्म्या लोकांना माहीत असतो. बोली बोलणारेही एकमेकांना ओळखतात, मुद्दाम चढवतात. अशाच संमेलनांत नामवंत लेखकाचा एक तासही लिलावात काढलेला आहे. जास्त बोली बोला आणि तासभर त्याच्याशी गप्पा मारा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. फुकट वाटलेल्या गोष्टीवर बोली लावायची? आणि अंक असे सुटे-सुटे विकले तर संग्रह फुटतो, पुढच्या अभ्यासकाला सलग संच मिळत नाही. मी यावर बराच विचार केला आणि माझं मत लिलावाच्या बाजूने आहे. एक तर पैसा कुणाच्या खिशात जात नाही, ज्या ओळखीतून अंक निघाले त्याच ओळखी वाढवायला जातो. दुसरं, ज्याने भर सभेत चढी बोली बोलून अंक घेतला तो त्याला उन्हात टाकत नाही. हे संग्राहकच पुढे संग्रहालयांचे दाते झाले. रस्टी हेव्हलिन बघा. १९७२ मध्ये टॅफच्या धर्तीवर ऑस्ट्रेलियासाठी 'डफ' निघाला. त्या निधीतून हेव्हलिन १९७५ मध्ये मेलबर्नच्या संमेलनाला गेला होता. आयुष्यभर फॅनझिन जमवले. त्याच्यानंतर तो साठा आयोवा विद्यापीठात गेला आणि दहा हजारांच्या आसपास अंकांचं डिजिटायझेशन हाती घेतलं गेलं. १९६५ मध्ये टॅफमधून गेलेल्या टेरी कारचा संग्रह कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या विद्यापीठात आहे. ज्यांचा प्रवास निधीने केला त्यांनीच कागद सांभाळला, हा योगायोग नाही.

आणि समोर पर्याय काय असतो? तो आपण रोज बघतो. आमच्या भागातल्या एका वाचनालयाने जागा नाही म्हणून चाळीसेक वर्षांचे दिवाळी अंक किलोवर घातले. मी बातमी केली, चार ओळी लागली. त्या गठ्ठ्यात अनंत अंतरकरांच्या 'नवल'चे अंक होते. मराठीत विज्ञानकथेची सुरुवातीची कितीतरी वाटचाल याच मासिकांत आणि दिवाळी अंकांत आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. नंतर कळलं की हे जयंत नारळीकर! नाव बदलून, अक्षरही दुसऱ्याचं वापरून त्यांनी कथा पाठवली होती. असे किस्से सगळ्यांना पाठ असतात, पण त्या काळचे अंक मागायला गेलं की कपाट रिकामं. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांनी काढलेला 'शब्द' सायक्लोस्टाइलच होता, बेलफास्टच्या मंडळींच्या अगदी समकालीन. त्याच्या प्रती आज किती घरांत असतील?

आपल्याकडे वर्गणीची सवय नाही असं कुणी म्हणू नये. गणपती, सप्ताह, कुस्त्यांचा फड, सगळं वर्गणीवर. पावतीपुस्तक छापायला आपल्याला अर्धा दिवस लागतो. पण साहित्य संमेलनाला गावातून एक वाचक पाठवू, लेखक नव्हे, वाचनालयात रोज येऊन बसणारा एक वाचक, आणि परत आल्यावर त्याने लिहावं, हिशेब मांडावा, पुढच्याला पाठवावं, अशी पावती मी अजून फाडलेली नाही. दुहेरी झालेले दिवाळी अंक किलोने देण्याऐवजी वाचनालयाच्या ओसरीवर एका रविवारी बोलीला काढले, तर परभणीचं नाहीतर चिपळूणचं एसटीचं जाऊन-येऊन भाडं सुटायला हरकत नाही.

टॅफचं सध्याचं सांगतो आणि थांबतो. डेव्हिड लँगफर्ड नावाचा ब्रिटिश लेखक-पत्रकार आहे, १९८० मध्ये तो टॅफमधून अमेरिकेला गेला होता. जुन्या फॅनझिनमधलं लेखन, जुनी प्रवासवर्णनं गोळा करून तो त्यांची ई-पुस्तकं करतो. विलिसचं लेखनही त्यात आहे. ती फुकट उतरवून घेता येतात, आणि शेजारी विनंती असते की आवडलं तर टॅफला काहीतरी द्या. सत्तर वर्षांपूर्वी बेलफास्टला लिहिलेल्या मजकुरावर आजही कुणाच्या तरी तिकिटाचे पैसे जमतायत.

ज्यांच्या माळ्यावर 'नवल', 'हंस', 'मोहिनी'चे जुने अंक असतील त्यांनी रद्दीवाल्याच्या आधी मला मेसेज करा. यादी मी करतो, ओसरी बघायला तुम्ही या.