शूर यांचा घातांक: एका अटकळीची गोष्ट

आजची गोष्ट १९०४ सालची. इसाय शूर तेव्हा जेमतेम २९ वर्षांचे. प्रत्येक सांत गटाच्या मागे दुसरा एक गट लपलेला असतो, हे त्यांनी दाखवलं. आज त्याला 'शूर गुणक' म्हणतात. पुढे चाळीसच्या दशकात हॉप्फ, आयलेनबर्ग आणि मॅकलेन यांच्या कामातून कोहोमॉलॉजी उभी राहिली, तेव्हा कळलं की हा गुणक म्हणजे पूर्णांकी कोहोमॉलॉजीच्या तिसऱ्या पायरीचीच दुसरी बाजू.

आता घड्याळ पाहा. तीन-तीन तासांच्या चार उड्या मारल्या की काटा जागेवर येतो. ठरावीक वेळा बेरीज केली की शून्य होणाऱ्या अशा घटकांना टॉर्शन म्हणतात. गटातल्या सगळ्या घटकांना एकदम शून्यावर आणणारी सर्वांत लहान संख्या म्हणजे त्याचा घातांक.

सांत गटाच्या कोहोमॉलॉजीत शून्याच्या वरच्या सगळ्या पायऱ्या टॉर्शनच असतात. कारण मजेशीर आहे. कोणताही घटक एकाच सदस्याच्या उपगटावर उतरवून परत वर आणला, तर तो गटाच्या सदस्यसंख्येने गुणून निघतो. पण वाटेतल्या त्या उपगटाकडे शून्याशिवाय काहीच नसतं! म्हणजे सदस्यसंख्या सगळं पुसते. पण हा हातोडा फार मोठा झाला. गुणकासाठी गटाचा स्वतःचा घातांक पुरेल का? शूर यांच्या नावाने ओळखली जाणारी अटकळ म्हणते, पुरेल.

१९७४ साली बेज, कौट्स्की आणि वॅम्स्ली यांनी संगणकाच्या मदतीने ती मोडली: गटाचा घातांक ४, गुणकाचा ८. बरेच जण म्हणाले, २ ही संख्या नेहमीच खोडकर, विषम संख्यांचं बघू. अनेक प्रकारच्या विषम गटांत अटकळ खरीही ठरत गेली. तिरुवनंतपुरमच्या आयसरमधल्या संशोधकांनीही त्यात भर घातली.

मग २०२० साली ऑक्सफर्डचे मायकेल वॉन-ली पुढे आले. त्यांच्या गटाचा घातांक ५, गुणकाचा २५. त्या गटाची सदस्यसंख्या ५चा ४१२२वा घात! ती नुसती लिहायलाच २८८२ अंक लागतात. हाताने शोधणाऱ्याला ती कधी सापडली असती, असं मला वाटत नाही. पाठोपाठ ९ घातांकाचाही गट आला, गुणक २७चा.

पण ४चे ८, ५चे २५, ९चे २७: तिन्ही ठिकाणी मूळ संख्येचा एकच जादा घात पुरला आहे. दोन लागतील असा गट असतो का?