आपला पाव, त्यांचा पान

मागच्या शनिवारी कात्सु सँडो करायचा घाट घातला. म्हणजे जपानी पद्धतीचं तळलेलं पोर्क कटलेट, मऊ ब्रेडमध्ये. डोंबिवलीला आईने एका वाक्यात विषय संपवला, "माझ्या कढईत नाही!" मग स्लो लोकल पकडली आणि ठाण्याला मित्राकडे गेलो. तो ईस्ट इंडियन, त्यांच्याकडे पोर्क नेहमीचंच.

कृती सोपी आहे. बिनहाडाचे अर्धा इंच जाड तुकडे थोडे ठेचायचे, मीठ-मिरपूड लावायची. मग मैदा, अंडं आणि शेवटी ब्रेडचा जाडसर चुरा. तळून झाले की बारीक चिरलेला कोबी आणि सॉस घालून कडा कापलेल्या ब्रेडमध्ये ठेवायचे. बास.

गंमत नावांत आहे. 'कात्सु' म्हणजे 'कटलेट'च, जपानी तोंडातून आलेलं. त्या चुऱ्याला ते 'पांको' म्हणतात. त्यातला 'पान' म्हणजे ब्रेड, आणि हा शब्द पोर्तुगीजांचा. आपला 'पाव'ही त्यांचाच! १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी (म्हणजे ठाणंसुद्धा) पोर्तुगीजांकडे गेली. १५४३ मध्ये पोर्तुगीज जपानला पोचले. ठाणं १७३७ साली मराठ्यांनी घेतलं, पण पाव राहिला.

राहिला, पण सहज नाही. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलं की अख्खं गाव बाटलं, या गोष्टी वसई-गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. माझ्या आजीच्या माहेरी पाव घरात येत नसे.

जपानचंही तेच. ६७५ साली तिथल्या सम्राटाने गाय, घोडा, कोंबडी वगैरेंचं मांस खायला बंदी केली. पुढे कित्येक शतकं मांस अशुद्ध मानलं जायचं. १८७२ मध्ये मेइजी सम्राटाने स्वतः गोमांस खाल्लं, ते मुद्दाम जगजाहीर केलं, आणि हवा बदलली. १८९९ च्या सुमारास टोकियोच्या रेंगातेई हॉटेलात पोर्क कटलेट आलं. १९३५ साली उएनोच्या इसेनने ते ब्रेडमध्ये घातलं, असं मानतात.

म्हणजे एकेकाळी बाटवणाऱ्या दोन गोष्टी एकत्र केल्या की कात्सु सँडो होतो. आपल्याकडे त्यातल्या एका गोष्टीवरचा डाग पुसला गेला, दुसरीवरचा अजून आहे.

परतताना स्टेशनबाहेरून आईसाठी दोन वडापाव घेतले. तिने आवडीने खाल्ले. पावाचा इतिहास मी काही काढला नाही. तिच्या कढईबद्दल माझी तक्रारही उरली नव्हती. असो.