चौथ आणि खंडणी : संरक्षणाच्या मोबदल्याचा प्रश्न

‘खंडणी’ हा शब्द आजच्या मराठीत गुन्ह्याचा वाचक आहे. अठराव्या शतकातील कागदपत्रांत मात्र तो ठरवून घेतलेल्या राजदेयासाठी येतो. हा केवळ अर्थापकर्षाचा योगायोग नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी १९८५च्या निबंधात राज्यनिर्मितीची तुलना संघटित गुन्हेगारीशी केली. जो स्वतःच संकट निर्माण करतो आणि त्याच्या निवारणाचे मूल्य घेतो तो खंडणीखोर, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. मराठ्यांची चौथ या विचाराच्या कसोटीवर तपासण्याजोगी आहे.

चौथ ही मराठ्यांची निर्मिती नव्हे. दमणचे पोर्तुगीज रामनगरच्या कोळी राजास ती आधीपासून देत असत. न्या. रानडे यांनी १९००मधील ग्रंथात चौथाईची तुलना वेलस्लीच्या तैनाती फौजेशी केली. जदुनाथ सरकारांच्या मते मात्र चौथ देणाऱ्याची सुटका फक्त मराठी फौजेच्या आगमनापासून होई; परचक्रापासून रक्षणाची हमी तीत नव्हती.

दोन्ही मतांना आधार आहे. तो वेगवेगळ्या प्रदेशांतला आहे. १७१९मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून आणलेल्या सनदांनी शाहूस दक्षिणेच्या सहा सुभ्यांची चौथाई व दहा टक्के सरदेशमुखी मिळाली. बदल्यात पंधरा हजार फौज बादशाही सेवेत ठेवण्याचे आणि मुलखाचा बंदोबस्त राखण्याचे दायित्व पत्करावे लागले. येथे घेणाऱ्याचे कर्तव्य लेखी होते.

बंगालमध्ये तसे घडले नाही. १७४२मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचा सेनानी भास्करपंत कोल्हटकर तेथे उतरला. पुढच्याच वर्षी पेशवा बाळाजी बाजीराव अलीवर्दीखानाच्या साहाय्यास आला आणि त्याने रघूजीस हुसकावले; त्या साहाय्याचा मोबदलाही चौथाईच होती. अखेर १७५१च्या तहान्वये वार्षिक बारा लाख रुपये ठरले, ओरिसाचा महसूल रघूजीकडे गेला आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा ओलांडू नये असे ठरले. बंगालच्या रयतेला या तहाने फौजेची अनुपस्थिती तेवढी विकत मिळाली.

हा अनुभव बंगाली साहित्याने जपला आहे. गंगारामाच्या ‘महाराष्ट्रपुराणा’त पृथ्वीवरील पापाचा भार हलका करण्यासाठी शिवाच्या आज्ञेने शाहूस प्रेरणा होते व तो बादशहाकडे चौथ मागतो. आरंभी मागणीला दैवी आणि राजकीय असे दुहेरी अधिष्ठान आहे. पुढे रुपयांसाठी रयतेच्या नाकात पाणी ओतणारे स्वार दिसतात, आणि शेवटी देवीच मराठ्यांवर कोपते. अधिकाराची भाषा कृतीने कशी रद्द होते, हे त्या कथेच्या रचनेतच आहे. सरकारी घोड्यावरचा स्वार एवढाच मराठीत अर्थ असलेला ‘बारगीर’ बंगालीत ‘बर्गी’ होऊन लुटारूचा पर्याय बनला. बंगाली अंगाईगीतात तर बर्गी आल्याची भीती आणि पाखरांनी धान्य खाल्ल्यावर खजिना, म्हणजे सारा, कसा भरावा ही चिंता एकत्रच येतात. लुटारू आणि वसुलीदार यांच्यातील भेद त्या आईला जाणवत नाही.

म्हणून करवसुली म्हणजे लूटच, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. दक्षिणेतील सनदेने देणाऱ्या पक्षाला बोट ठेवण्यापुरते तरी कलम दिले होते. बंगालच्या रयतेजवळ तेवढेही नव्हते. कर आणि खंडणी यांतील भेद रकमेत किंवा घेणाऱ्याच्या पदवीत शोधता येत नाही. देणाऱ्याला जाब विचारता येतो की नाही, यावर तो अवलंबून असतो. मराठी इतिहासलेखनाने चौथाईचे समर्थन सनदांच्या आधारे केले. त्यासोबत बंगालची साक्षही नोंदविली, तरच तो लेखाजोखा पूर्ण होईल.