बत्तीस रुपये साऱ्याचं मत

दिंडीची शंभर वर्षं मोजताना आम्ही मुक्काम, पंगती, कीर्तनं सांगतो. पण ज्या शेतकऱ्यांनी ही दिंडी उभी केली त्यांना सरकारदरबारी विचारत कोण होतं, तेही एकदा सांगायला हवं.

इंग्रज अमदानीत गावाची सरकारशी गाठ पडायची ती सारा भरताना. साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड वेगळा द्यावा लागे. रस्ता, शाळा, विहीर यासाठी हा पैसा, पण तो कुठं लागायचा ते साहेब ठरवी. १८८४ च्या कायद्यानं लोकल बोर्डात निवडून आलेले सभासद बसू लागले, तरी तिथं गरीब कुणबी क्वचितच पोचायचा. पंढरपुरातही यात्रेकरूकडून कर घेत. परगावच्या वारकऱ्याला तिथं मत कुठलं!

१८८८ साली पुण्यात राणीच्या मुलासाठी मेजवानी झाली. जोतीराव फुले तिथं मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि हे नटलेले पाहुणे म्हणजे खरी रयत नव्हे, ती खेड्यात आहे, असं त्यांनी सुनावलं. पुढं १९१० साली मुकुंदराव पाटलांनी नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून 'दीनमित्र' काढला. नंतर तो नेवासे तालुक्यातल्या तरवडीहून निघे. ज्या नेवाशात माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच तालुक्यातून शेतकऱ्याचं गाऱ्हाणं छापून बाहेर पडायला लागलं, हे आम्हाला विशेष वाटतं.

१९१९ च्या कायद्यानं मुंबई कौन्सिलात लोकांनी निवडायच्या ८६ जागा झाल्या. त्यातल्या ७ मराठा व तत्सम जातींसाठी राखीव. साताऱ्याकडचे भास्करराव जाधव निवडून गेले, शिक्षणमंत्रीही झाले. वारकऱ्याच्या घरात वाढलेले विठ्ठल रामजी शिंदे यांना मात्र जातवार वाटणी पटेना. १९२० साली त्यांनी शेतकरी, कारागीर, मजूर अशा सगळ्यांसाठी बहुजन पक्ष काढला. निवडणुकीत ते पडले.

आता खरी मेख ऐका. खेड्यात मत हवं तर बहुतेक जिल्ह्यांत ३२ रुपये साऱ्याची जमीन लागे. रत्नागिरीसारख्या ठिकाणी १६. चार-पाच एकर कोरडवाहूवाल्याचा सारा तिथवर जायचाच नाही. मग विणेकरी, टाळकरी, पखवाजी, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, यातलं मतदार कितीक असणार? १९२१ साली मुंबई कौन्सिलानं बायकांना मत दिलं, पण अट तीच. ज्याला जमीनच नाही त्याचं काय? तो प्रश्न डॉ. आंबेडकरांनी १९१९ सालीच साउथबरो कमिटीपुढं मांडला होता.

कौन्सिलात माणूस गेला की काही होत नव्हतं असंही नाही. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा ठराव मंजूर करून घेतला. पण ठराव मुंबईत, तळं महाडात. तिथलं पाणी प्यायला १९२७ साली माणसांना चालत जावं लागलं, आणि मारही खावा लागला.

१९३७ च्या निवडणुकीला अट ८ रुपयांवर आली, तेव्हा गावातली आणखी बरीच माणसं यादीत आली. शेतमजूर अजून बाहेरच. साऱ्याची पावती न बघता मत मिळालं ते १९५१-५२ ला. तोवर आपल्या दिंडीतली पहिल्या पिढीची निम्मी माणसं निघून गेली होती.