अहिल्यानगर जिल्ह्यातील दुर्मीळ व नामशेष सस्तन प्राणी

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आहे. पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीची मुख्य रांग, मध्यभागी प्रवरा व मुळा नद्यांची बागायती खोरी आणि दक्षिण-पूर्वेस कर्जत, श्रीगोंदा, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांची पर्जन्यछायेतील माळराने अशी जिल्ह्याची ढोबळ रचना आहे. सह्याद्रीतील शेकरू, माळावरील काळवीट व लांडगा आणि बागायती पट्ट्यातील बिबट्या हे जिल्ह्यातील विशेष उल्लेखनीय सस्तन प्राणी होत. चित्ता, गेंडा आणि प्राचीन रानबैल हे प्राणी आज येथे नाहीत. त्यांपैकी रानबैल तर जगातूनच नाहीसा झाला आहे.

== प्राचीन पुरावा ==

गोदावरी आणि तिच्या उपनद्यांच्या काठावरील वाळू-गोट्यांच्या थरांत हिमयुगीन प्राण्यांचे अवशेष सापडतात. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात प्रवरेकाठी नेवासे येथे उत्खनन केले. तेथील नदीच्या थरांत दगडी हत्यारांबरोबर बॉस नामाडिकस या रानबैलाचे जीवाश्म मिळाले. गोदावरीच्याच खोऱ्यात, शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर येथे, नामाडिकस जातीच्या महाकाय हत्तीची कवटी विसाव्या शतकाच्या आरंभीच सापडली होती. ही हत्तीची जात आज अस्तित्वात नाही.

रानबैलाची कथा थोडी निराळी आहे. बॉस नामाडिकस ही युरोप व आशियात पसरलेल्या रानबैलाची भारतीय शाखा मानली जाते आणि वशिंड असलेली भारतीय गाय याच शाखेपासून माणसाळवली गेली, असे सर्वसाधारण मत आहे. युरोपातील शाखेतील शेवटची ज्ञात गाय १६२७ मध्ये पोलंडमधील याक्टोरूफच्या जंगलात मेली. वन्य प्राणी म्हणून ही जात संपली, परंतु तिचे वंशज गोठ्यात राहिले. अकोले व इगतपुरीच्या मुसळधार पावसात भातखाचरे नांगरणारा डांगी बैल त्यांपैकीच एक होय.

श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद हे प्रवरेच्या काठावरील ताम्रपाषाणयुगीन स्थळ आहे. येथे १९७४ मध्ये ब्राँझच्या चार भरीव वस्तू सापडल्या. बैलजोडीचा रथ व त्यातील सारथी, हत्ती, रेडा आणि गेंडा अशा या वस्तूंचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. काही अभ्यासक त्या उत्तर हडप्पाकालीन, म्हणजे इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील मानतात. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणामुळे या कालनिश्चितीवर शंकाही घेण्यात आली आहे. काळ कोणताही असो, मूर्तिकाराला एकशिंगी गेंड्याचे शरीर नीट ठाऊक होते, हे मूर्ती पाहताच लक्षात येते. मात्र एवढ्यावरून प्रवरेकाठी गेंडे चरत होते असा निष्कर्ष काढता येत नाही, कारण मूर्ती किंवा तिचा नमुना अन्यत्र घडलेला असू शकतो. पश्चिम भारतात गेंडा होता, याचा थेट पुरावा गुजरातमधील लांघणज येथे सापडलेल्या हाडांतून मिळतो. आज एकशिंगी गेंडा आसाम, पश्चिम बंगाल, उत्तर प्रदेश व नेपाळ एवढ्याच प्रदेशात उरला असून त्याची एकूण संख्या सुमारे ४,००० आहे.

== साइक्स यांची नोंद ==

जिल्ह्याचा समावेश असलेल्या दख्खन प्रदेशातील सस्तन प्राण्यांची पहिली शास्त्रीय यादी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. साइक्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी होते आणि मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे होते. या यादीत त्यांनी दोन प्राण्यांना नवी शास्त्रीय नावे दिली. पहिला लांडगा, कॅनिस पॅलिपेस. दुसरा रानकुत्रा, ज्याच्या नावात त्यांनी 'दख्खन' हा शब्दच गुंफला : कॅनिस दुखुनेन्सिस. लांडगा आणि कोळसून ही मराठी नावेही त्यांनी नोंदवली.

लांडग्याचे ते नाव आज उपजातीच्या रूपाने टिकले आहे आणि प्राणीही टिकला आहे. कोळसून मात्र या जिल्ह्याच्या माळांवर राहिलेला नाही. जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त असून महाराष्ट्रात ताडोबा, मेळघाट आणि दक्षिण सह्याद्री यांसारख्या सलग जंगलांत आढळतो.

== चित्ता ==

मराठी बोलीत बिबट्यालाही सर्रास 'वाघ' किंवा 'चित्ता' म्हटले जाते. त्यामुळे जुन्या आठवणी आणि गावगप्पा वाचताना सावध राहावे लागते. अंगावर भरीव ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला खरा चित्ता हा उघड्या माळाचा प्राणी होय. दख्खनच्या पठारासह भारताच्या मोठ्या भागात तो पूर्वी होता आणि काळवीट हे त्याचे मुख्य भक्ष्य होते. राजेरजवाडे त्याला पकडून काळविटाच्या शिकारीसाठी शिकवीत. बंदिवासात चित्त्याची वीण क्वचितच होते. म्हणून शिकारीसाठी लागणारा प्रत्येक चित्ता रानातूनच धरावा लागे आणि त्यामुळे रानातील संख्या सतत घटत गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोल्हापूर संस्थानाला आपला चित्तेखाना चालू ठेवण्यासाठी आफ्रिकेतून चित्ते आणावे लागत होते. भारतातील चित्ता त्यापूर्वीच संपत आला होता, हे यावरून दिसते.

१९४७ च्या सुमारास आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानात तीन चित्त्यांची शिकार झाली. भारतातील चित्त्याची ही शेवटची निश्चित नोंद समजली जाते. १९५२ मध्ये भारत सरकारने चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर केले. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले ८ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी १२ आले. हे सर्व आफ्रिकी उपजातीचे आहेत. मूळ आशियाई चित्ता आता केवळ इराणमध्ये अत्यल्प संख्येने उरला आहे.

== काळवीट आणि रेहेकुरी ==

काळवीट (शास्त्रीय नाव अँटिलोप सर्व्हिकॅप्रा) हे भारतीय उपखंडातील कुरंग होय. नराची पाठ गडद तपकिरी ते काळी, पोट पांढरे आणि शिंगे पिळदार असतात. मादी व पाडस फिकट तपकिरी असतात. नर जन्मतः काळा नसतो, वयात येताना त्याचा रंग गडद होत जातो. हा प्राणी ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने धावू शकतो, असे मानले जाते. विणीच्या काळात प्रौढ नर माळावर आपापली जागा ठरवून घेतो, एकाच ठिकाणी लेंड्या टाकून तिची हद्द दाखवितो आणि शिरू पाहणाऱ्या दुसऱ्या नराला हुसकावतो. जन्मल्यावर पहिले काही दिवस पाडस कळपाबरोबर धावत नाही. ते गवतात निपचित पडून राहते. गवत पुरेसे उंच नसेल तर हा लपण्याचा उपाय निकामी ठरतो आणि भटकी कुत्री पाडसाला सहज हेरतात.

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथील काळवीट अभयारण्य १९८० मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर आहे. तुलनेसाठी, अकोले तालुक्यातील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य ३६१.७१ चौरस किलोमीटरचे आहे. बाभूळ, हिवर, बोर अशी विरळ काटेरी झाडे आणि त्यांमधील गवत हे रेहेकुरीचे स्वरूप होय. एवढ्या लहान जागेत काळविटांची संख्या वाढली की कळप बाहेर पडणार, हे उघड आहे. अभयारण्याभोवतीच्या शेतांत ज्वारी, हरभरा किंवा तूर उभी असते आणि कळप रात्री तेथे चरतात. एका रात्रीत कोवळे पीक खाल्ले गेल्यास कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो. वन्यप्राण्यांनी केलेल्या पीकनुकसानीसाठी राज्य शासनाची भरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज आणि प्रत्यक्ष रक्कम यांतील अंतर हा या गावांतील जुनाच विषय आहे. तरीही या भागात काळविटाविषयी वैर फारसे दिसत नाही, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

काळविटाची अवस्था जागतिक संदर्भात पाहिल्यास विचित्र दिसते. पाकिस्तान व बांगलादेशातून तो वन्य स्थितीत नाहीसा झाला. नेपाळमध्ये तो बर्दिया जिल्ह्यातील एका संरक्षित क्षेत्रात तग धरून राहिला. दुसरीकडे, शिकारीच्या हौसेसाठी नेलेले काळवीट अमेरिकेतील टेक्सास आणि अर्जेंटिना येथे चांगलेच रुजले, आणि पाकिस्तानने लाल सुहान्रा येथे पुन्हा कळप वसविला तो टेक्सासहून आणलेल्या प्राण्यांच्या आधारे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत काळविटाचा समावेश आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने २०१७ मध्ये त्याला 'किमान चिंता' या गटात टाकले. ही वर्गवारी देशभराच्या संख्येवर आधारलेली आहे. रेहेकुरीसारख्या, शेतांनी वेढलेल्या एकाकी कळपांना तिचा फारसा दिलासा नाही.

== लांडगा ==

भारतीय लांडगा घनदाट जंगलात राहत नाही. माळ, खुरटे रान आणि शेतांची कड हे त्याचे क्षेत्र असल्याने त्याचा बहुतांश वावर अभयारण्यांच्या बाहेरच असतो. भारतातील लांडग्यांची संख्या सुमारे ३,००० असल्याचा अंदाज आहे, म्हणजे ती वाघांच्या संख्येच्या जवळपास आहे. जनुकीय अभ्यासानुसार भारतीय लांडगा ही जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक आहे. ब्रिटिश अमदानीत लांडगा मारणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. आज तोच प्राणी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

काळवीट घटल्यावर लांडग्याचे पोट मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांवर भरू लागले. धनगरांचे वाडे दिवाळीनंतर माळ ओलांडून खाली जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात, त्या वाटेवर लांडगा असतोच. मेंढपाळ कोकरू गेल्याची हळहळ करतात, कुत्री ठेवतात, रात्री वाघर लावून मेंढ्या कोंडतात. मात्र लांडगा दिसला नाही असे एकही वर्ष त्यांच्या आठवणीत सहसा नसते. अलीकडे या सहजीवनात दोन नवे धोके शिरले आहेत. एक म्हणजे भटक्या कुत्र्यांकडून येणारे डिस्टेंपर व रेबीज हे रोग. दुसरा म्हणजे संकर. शेजारच्या पुणे जिल्ह्यात लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराची प्रजा असल्याचे जनुकीय तपासणीत आढळले आहे. संकर वाढत गेल्यास कळप दिसत राहतील, पण साइक्स यांनी वर्णिलेला लांडगा त्यांत उरणार नाही.

== उसातील बिबट्या, तरस आणि वाघाटी ==

१९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण, त्याचे प्रवरा कालवे आणि १९५० मध्ये प्रवरानगर येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखाना यांनी जिल्ह्याच्या मध्यभागाचे रूप पालटले. जेथे माळ होता तेथे बारमाही ऊस उभा राहिला. माळावरच्या प्राण्यांना ऊस निरुपयोगी ठरला, पण बिबट्याला त्यात आडोसा, पाणी आणि वस्तीजवळचे भक्ष्य मिळाले.

अकोले तालुक्यातील शेतीप्रधान भागात विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ बिबटे व ५ तरस असल्याचे त्यात आढळले. त्याच कॅमेऱ्यांत खोकड, कोल्हा, रानमांजर आणि वाघाटी हेही टिपले गेले. वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असून तिच्या अंगावर तांबूस ठिपके असतात. ऊसतोडीच्या वेळी सरीत तिची पिल्ले सापडली की ती बिबट्याची समजून उचलली जाण्याचा प्रकार घडतो. पिल्ले जागेवरच ठेवल्यास मादी रात्री येऊन ती नेते.

बिबट्याच्या विष्ठेच्या अभ्यासात त्याच्या भक्ष्यातील सुमारे ८७ टक्के वजन पाळीव व वस्तीतील प्राण्यांचे निघाले. त्यांत सर्वाधिक, सुमारे ३९ टक्के, वाटा कुत्र्यांचा होता. पकडलेला बिबट्या दूर नेऊन सोडण्याचा उपायही तपासला गेला आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर परिसरात २००१ नंतर मोठ्या प्रमाणावर असे स्थलांतर झाले, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ वरून १७ पर्यंत वाढले. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या तेथे स्थिरावत नाही, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. हल्ल्यात मूल गेलेल्या घराला हे आकडे सांगणे अर्थातच सोपे नाही, आणि बिबट्याला हलवा ही मागणी प्रत्येक घटनेनंतर पुन्हा उठते.

अकोल्याच्या डोंगराळ भागात महादेव कोळी व इतर आदिवासी समाजांत वाघोबाची पूजा आहे. दिवाळीच्या आरंभी येणाऱ्या वाघबारशीला गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवितात आणि गुरांच्या रक्षणाची याचना करतात. येथील वाघ म्हणजे व्यवहारात बहुधा बिबट्याच होय.

== सह्याद्रीतील प्राणी ==

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर त्यात येते. येथील सदाहरित व निमसदाहरित झाडीत शेकरू आढळते. ही मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी असून ती उंच झाडांच्या फांद्यांवर घरटे बांधते आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. त्यामुळे झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडलेल्या असणे तिला आवश्यक असते. झाडीत रस्त्याएवढे खिंडार पडले तरी शेकरूंचे गट एकमेकांपासून तुटतात.

खवल्या मांजर हा जिल्ह्यातील बहुधा सर्वांत कमी दिसणारा सस्तन प्राणी होय. निशाचर, दातहीन, मुंग्या व वाळवी खाणारा हा प्राणी धोका वाटताच अंगाचे मुटकुळे करतो. वाघ-बिबट्यापासून वाचविणारी ही सवय माणसापुढे मात्र घातक ठरते, कारण मुटकुळे झालेला प्राणी पोत्यात घालणे सोपे असते. खवल्यांना औषधी गुण असल्याच्या समजुतीमुळे त्यांची तस्करी होते. प्रत्यक्षात खवले हे नखांप्रमाणे केराटिनचे बनलेले असतात. भारतीय खवल्या मांजर जागतिक पातळीवर संकटग्रस्त असून २०१६ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरल्यानुसार त्याच्या सर्व प्रकारच्या व्यापारी देवाणघेवाणीस मनाई आहे.

== अधिवासाचा प्रश्न ==

जिल्ह्यातील माळराने महसुली दप्तरात बहुधा 'पडीक' म्हणून नोंदलेली असतात. पडीक जमीन ही उपयोगात आणण्यासाठीच असते, या समजुतीने त्यांवर वृक्षलागवड, सौर व पवनऊर्जा प्रकल्प, औद्योगिक वसाहती होत गेल्या. गवताळ माळावर झाडे लावणे हे वरकरणी पुण्यकर्म वाटते. काळवीट, लांडगा, खोकड यांच्या दृष्टीने मात्र त्यात घर मोडते. वेडी बाभूळ पसरल्यानेही अनेक ठिकाणी गवत मागे हटले आहे.

माळांसाठी मोठे क्षेत्र राखण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. १९७९ मध्ये सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले आणि त्यात कर्जत, श्रीगोंदा व नेवासे तालुक्यांतील भाग होता. शेते, गावे, शहरे सारेच त्यात आल्याने जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोकांत नाराजी पसरली आणि अखेर क्षेत्र घटवून ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. माळढोक हा पक्षी असला तरी त्याच्या नावाने राखलेल्या गवतावर लांडगा व काळवीटही जगत होते. क्षेत्रघटीचा फटका त्यांना किती बसला, याची चर्चा पक्ष्याच्या तुलनेत फारच कमी झाली.