भारत-पाकिस्तान : उच्चायुक्त नाहीत, मग कारभार चालतो कसा?

दोन देशांचं बिनसलं की पहिली कात्री वकिलातीला लागते. भारत आणि पाकिस्तानचंही तसंच झालं.

कलम ३७० मधील बदलांनंतर ऑगस्ट २०१९ मध्ये पाकिस्तानने भारताचे उच्चायुक्त अजय बिसारिया यांना परत पाठवलं. तेव्हापासून दिल्ली आणि इस्लामाबाद, दोन्हीकडे प्रभारी अधिकारीच काम पाहतात. जून २०२० मध्ये भारताने दोन्हीकडचे कर्मचारी निम्म्यावर आणण्याचा निर्णय घेतला. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यानंतर ही संख्या ५५ वरून ३० वर आली, लष्करी सल्लागारांना देश सोडायला सांगितलं गेलं, अटारीची चौकी बंद झाली आणि १९६० चा सिंधू पाणीवाटप करार स्थगित झाला. पाकिस्ताननेही व्यापार थांबवला, हवाई हद्द बंद केली.

तरी एक धागा टिकून आहे. २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश एकमेकांच्या कैद्यांची यादी देतात. मे २०२५ मधल्या लष्करी संघर्षानंतरही १ जुलैला ती दिली गेली. पाकिस्तानच्या यादीत १९३ भारतीय मच्छीमार होते.

सर क्रीकजवळ सागरी सीमा ठरलेली नाही. गुजरातच्या बोटींवर पालघरचे खलाशीही जातात. त्यामुळे पकडलेल्याच्या घरच्यांसाठी या यादीतलं नाव हाच मोठा आधार. राष्ट्रीयत्वाची खात्री झाली आणि शिक्षा संपली की महिनाभरात सुटका, असं करार सांगतो. प्रत्यक्षात मात्र अनेकांना त्यापुढेही वाट पाहावी लागते.