चाकणची मोटर आणि पाषाणचे अणू



जुलै २०२५ची बातमी आठवतेय? आकुर्डीच्या बजाज ऑटोने इशारा दिला, की ऑगस्टमध्ये आपलं इलेक्ट्रिक गाड्यांचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. अडलं कशावर? बॅटरीवर नाही, चिपवरही नाही. मोटरमधल्या चुंबकावर! एप्रिलमध्ये चीनने सात दुर्मिळ मूलद्रव्यं आणि त्यांच्या काही चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली होती. आणि लाइन थांबली की आधी काळजी कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना.

मग दुर्मिळ मूलद्रव्यांशिवाय चुंबक बनतच नाही का? बनतं की! फ्रीजच्या दाराच्या रबरात असतं ते फेराइट. गंजात असतं तसलं लोखंडाचं ऑक्साइड, सोबत थोडं बेरियम किंवा स्ट्रॉन्शियम. स्वस्त आणि मुबलक.

आता आतली गंमत बघा. यातला लोखंडाचा प्रत्येक अणू म्हणजे एक छोटं चुंबक. बेरियम फेराइटच्या सूत्रात असे १२ अणू. त्यातले आठ एका दिशेला, चार बरोबर उलट. रस्सीखेचच म्हणा ना! आठातून चार गेले, उरले चार. बाहेर दिसते ती ताकद या उरलेल्या चारांची. अशा पदार्थांचं कोडं १९४८ मध्ये फ्रान्सच्या लुई नेएल यांनी उलगडलं. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

म्हणजे कुठला अणू कुठल्या जागेवर बसलाय, यावर सगळा खेळ. आणि हाच प्रश्न आपल्या पुण्यातही अभ्यासला जात होता. पाषाणची एनसीएल सुरू झाली १९५० मध्ये. तिथल्या सिन्हा, संजना आणि बिस्वास यांनी १९५७ मध्ये मँगनाइट, म्हणजे मँगनीजच्या ऑक्साइडांच्या रचनेवर शोधनिबंध छापला. ए. पी. बी. सिन्हांना पुढे १९७२चा भटनागर पुरस्कार मिळाला.

मग फेराइट लावा आणि मोकळे व्हा? इतकं सोपं नाही. त्याच आकारात फेराइटची चुंबकीय ऊर्जा निओडिमियमच्या साधारण दहावा हिस्सा. तेवढाच जोर हवा तर मोटर मोठी आणि जड होणार, डिझाइन पहिल्यापासून करावं लागणार.

मी कोड लिहिणारा माणूस. मला हे डिपेंडन्सीसारखं वाटतं. एकाच लायब्ररीवर सगळं उभं केलं, की ती बंद पडल्यावर आपणही बंद. पर्यायाचं विज्ञान सत्तर वर्षांपूर्वी पाषाणला माहीत होतं. चाकणपासून पाषाण तासाभरावर, ट्रॅफिक नसेल तर! हे अंतर आपण कधी कापणार?

भेटू पुढच्या भागात.